फक्त एक सूर जास्त!

जी, सी, डी, ई मायनर. कॉलेजात गिटार हातात घेतलेल्या बहुतेकांची गाडी याच चार कॉर्ड्सवर धावते आणि नोकरी लागली की याच चारांवर अडते. मग गिटार कपाटावर! तुमचीही तिथंच असेल तर या वीकएण्डला खाली काढा. ‘डॉमिनंट नाइन्थ’ हे प्रकरण नावाला जितकं भारदस्त, तितकंच हाताला सोपं आहे.

आधी हिशेब. सी मेजर म्हणजे सा, ग, प. त्यावर कोमल नी ठेवला की झाली सी सेव्हन. त्याच्याही वर पुढच्या सप्तकातला रे, की झाली सी नाइन. सापासून मोजत गेलं की हा रे नववा, एवढंच. गडबड होते ती नीपाशी. तो गाळून नुसता रे घेतला तर ती ‘अ‍ॅड नाइन’, म्हणजे गोडगोड कॉफी शॉप मूड. शुद्ध नी घेतला तर मेजर नाइन. ग आणि कोमल नी यांच्यातली ओढाताण हवी, तरच डॉमिनंट.

आता बोटं. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला मधलं बोट, चौथीवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनी आणि पहिल्या तिन्ही तारांवर तिसऱ्याच फ्रेटला अनामिका आडवी. सहावी तार गप्प, करंगळीला सुट्टी. हाच शेप दहाव्या फ्रेटला नेला की जी नाइन. ती वाजवून लगेच सी मेजर घ्या, घरी आल्यासारखं वाटेल.

पण खरी धमाल घरी न जाण्यात आहे! जेम्स ब्राउनचा गिटारिस्ट जिमी नोलन यानं १९६५च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’मध्ये नाइन्थ अशी काही खरवडली की फंकला तिचा आवाजच मिळाला. १९७०च्या ‘सेक्स मशीन’मध्ये तर ई फ्लॅट नाइनवर मिनिटंच्या मिनिटं मुक्काम आहे आणि कंटाळा नावालाही नाही.

ट्रिक डाव्या हातात आहे. उजवा हात सतत वर-खाली चालू ठेवा, डाव्यानं मात्र एखाद-दोन ठोक्यांनाच तारा दाबा. बाकी वेळ बोटं नुसती टेकलेली, चक-चक-चक. सुरुवातीला जाम विचित्र वाटतं. मेट्रोनोम ७०-८०वर ठेवून सावकाश करा.

घरी कीबोर्ड असेल तर डाव्या हाताला सा, उजव्याला ग, कोमल नी, वरचा रे. प राहिला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.