तार आणि अंक

सतारीची तार छेडली की ती थरथरते, त्या थरथरीने भोवतालची हवा हलते आणि आपल्या कानी स्वर येतो. तंतुवाद्यांचा हा धर्म फार पुरातन आहे. संगणक मात्र अगदी अलीकडचा, आणि त्याला अंकांवाचून दुसरे काहीच समजत नाही. तार आणि अंक यांचा मेळ घालणाऱ्या कलावंतांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रिया देशातील ख्रिस्तियान फेनेस.

फेनेस यांचा जन्म १९६२ साली झाला. प्रारंभी ते एका रॉक वाद्यवृंदात गिटार वाजवीत. पुढे त्यांनी एकट्यानेच संगीतरचना करण्यास आरंभ केला. १९९५ साली व्हिएन्ना शहरातील ‘मेगो’ या लहानशा स्वतंत्र संस्थेने त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. मोठ्या कंपन्या ज्या संगीताला सहसा आश्रय देत नाहीत, त्याला अशाच छोट्या संस्थांचा आधार मिळत असतो. गिटारच्या जोडीला संगणक आला आणि तो त्यांचे दुसरे वाद्यच बनला.

गिटारचा स्वर संगणकात शिरतो तरी कसा? विजेवर चालणाऱ्या गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतो व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. ती थरथरली की वेटोळ्यात तसाच कमीजास्त होणारा विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह संगणकाला जोडला की त्याची मोजणी सुरू होते. सीडीसाठी ठरलेल्या रीतीप्रमाणे ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविले जाते. इतकी सूक्ष्म मोजणी कशासाठी? मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो, आणि ध्वनी जसाच्या तसा पुन्हा उभा करावयाचा तर त्याच्या कंपसंख्येच्या दुपटीहून अधिक मापे घ्यावी लागतात.

एकदा स्वराचे अंक झाले की त्यांवर नाना संस्कार करता येतात. अर्ध्या सेकंदाच्या झंकारात सुमारे २२,००० अंक असतात. त्यांचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर किंचित चढवीत पुनःपुन्हा मांडले, तर तोच झंकार अर्धा मिनिट लांबविता येतो. अंकांचा क्रम उलटा केला, तर स्वर मावळण्याऐवजी हळूहळू उगवत येतो. २००१ साली निघालेल्या ‘एंडलेस समर’ या फेनेस यांच्या संग्रहात असे अनेक संस्कार ऐकू येतात. इतर लोक जी खरखर दोष म्हणून काढून टाकतात, तिच्यातूनच तेथे गिटारचे मधुर सूर वर येतात, जणू धुक्यातून डोंगराची कड दिसावी.

अशा संगीतावर एक आक्षेप घेतला जातो. कलावंत पडद्यामागे बसून कळा दाबतो, मग संगीत त्याचे की यंत्राचे? सतारवादकाची बोटे श्रोत्यांना दिसतात, संगणकावर चाललेले काम दिसत नाही, म्हणून ही शंका स्वाभाविक आहे. परंतु संगणक झंकार लांबवितो, तो किती लांबवावा हे त्याला कळत नाही. खरखर कोठे ठेवावी, कोठे थांबावे, कोणता सूर एकटा सोडावा, याचा निवाडा कानच करतो, आणि तो कान वर्षानुवर्षांच्या साधनेने तयार झालेला असावा लागतो. जपानी संगीतकार र्युइची साकामोतो यांच्या पियानोबरोबर फेनेस यांनी २००७ साली एक संग्रह प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या सुराला जागा देणे हेही यंत्राला आपोआप साधणारे काम नव्हे.

पुढे फेनेस यांना आपली ध्वनिमुद्रणाची जागा सोडावी लागली. तेव्हा त्यांनी साहित्य घरातील झोपण्याच्या लहानशा खोलीत आणले आणि कानांना हेडफोन लावून ‘अगोरा’ हा संग्रह तयार केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रशस्त दालन गेले, पण संगीत थांबले नाही. साधन जुने असो वा नवे, त्यात प्राण ओततो तो साधकच.