डिझेल, बर्फ आणि वादळ : तिन्हींचा हिशेब एकाच वहीत



१ ऑगस्टला बंदी उठेल. ६१ दिवस बांधून ठेवलेल्या बोटींची डागडुजी चालू आहे, जाळी शिवून होत आलीत. संस्थेत मात्र रोज एकच प्रश्न येतो, "यंदा डिझेल उधारीवर किती देणार?" उत्तर द्यायच्या आधी आम्ही जुन्या वह्या काढून बसलो. त्यात दिसलं ते इथे मांडतोय.

फेरीचा मोठा खर्च डिझेलचा, आणि त्याचा भाव काही आपल्या धक्क्यावर ठरत नाही. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनची लढाई पेटल्यावर, घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढलं. लढाई तिकडे, खिसा आपला फाटला.

दुसरा खर्च बर्फाचा. टनभर लादी गोठवायला आपल्या हवेत साधारण ५० ते ७० युनिट वीज लागते, आणि गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडं, खांब आडवे झाले, काही भागांत दोन-तीन दिवस वीज नव्हती. वीज नाही तर बर्फ नाही, बर्फ नाही तर मासळी मिळेल त्या भावाला काढायची. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांना त्याचा चटका आधी बसतो. जनरेटर लावला तर पुन्हा डिझेल!

तिसरी गोष्ट वहीत "फेरी नाही" एवढीच लिहिलेली सापडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आणि पाठोपाठ महा, अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं. ऐन हंगामात बोटी नांगरून. कर्जाचं व्याज काही थांबलं नाही. ओडिशा, झारखंडहून आलेल्या खलाशांना दोन वेळचं जेवण द्यावंच लागतं, पण मासळीच नाही तर वाटा कुठून द्यायचा?

हे का होतंय? पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्र पोटात घेतो. तापलेल्या पाण्यावरच वादळाला बळ मिळतं, आणि आपला दर्या तापत चाललाय. ही उष्णता वाढते ती कोळसा आणि तेल जाळून. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या मानाने आपल्या बोटींचा धूर चिमूटभर. तरी डिझेल वाचलं तर पहिला फायदा आपल्याच घरात येतो.

म्हणून एवढं तरी करूया :

• बोट वर आहे तोवर तळाचं शेवाळ, शिंपल्या खरवडून काढा, पंखा साफ करा.
• जाता-येता वेग १० टक्के कमी ठेवा. तेवढ्याच अंतराला सुमारे पाचवा हिस्सा डिझेल कमी लागतं, म्हणजे १०० लिटरचं काम ८० मध्ये.
• बर्फाच्या खणाचं थर्माकोल फाटलं असेल तर आत्ताच बदला.

आता उधारीचं. उधारीचा बोजा डोक्यावर असला की वादळाचा इशारा आला तरी तांडेल म्हणतो, "अजून एक जाळं टाकूया, डिझेलचे पैसे तरी सुटू देत." आम्हाला भीती त्याच एका जाळ्याची आहे. २०१७ च्या ओखी वादळात केरळ, तामिळनाडूच्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत.

म्हणून समितीने ठराव मांडलाय : इशारा मिळताच परतलेल्या बोटीचा त्या फेरीचा डिझेलचा हप्ता एक महिना पुढे ढकलायचा. पण पंपवाल्याचे पैसे संस्थेला वेळेवर द्यावेच लागतात. त्यासाठी प्रत्येक बोटीने दर फेरीला थोडी रक्कम वेगळी ठेवावी लागेल. किती, ते तुम्ही ठरवायचं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी १० वाजता संस्थेत सभा आहे. बोटमालकांनी यावंच, पण तांडेलांना आणि घरातल्या बायकांनाही घेऊन या. वाट बघत किनाऱ्यावर त्याच उभ्या असतात.



व्यवस्थापन समितीतर्फे,
सचिव