घामाची फी

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरला पावसाळा पुण्यात काढता यावा म्हणून गणेशखिंडीत एक प्रासाद बांधायला १८६४ साली सुरुवात झाली. १८७१ मध्ये काम पुरं झालं. उंच मनोरा, मेजवान्यांची दालनं, भोवती बागा आणि खर्च एवढा, की सर बार्टल फ्रियर यांच्या उधळपट्टीवर टीका झाली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथंच होता आणि तो आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडला चापेकर बंधूंनी गाठलं ते याच गणेशखिंड रस्त्यावर. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, तिथं पुणे विद्यापीठ सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे.

सुमारे ४११ एकरांच्या या आवारात सकाळी फिरलं, की लांबलचक हिरवळ दिसते, वडाची जुनी झाडं दिसतात, जयकर ग्रंथालयाकडे पाठीवर सॅक घेऊन निघालेली मुलं दिसतात. त्यातली काही मुलं वाचायला नव्हे, आधी कामाला चाललेली असतात. कुणी रोपवाटिकेत असतो, कुणी विभागाच्या कार्यालयात फायली लावतो, कुणी प्रयोगशाळेतली उपकरणं पुसून ठेवतो. ही ‘कमवा व शिका’ची मुलं. योजनेचं पूर्ण नाव ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना’. दिवसातून दोन-तीन तास काम करायचं, तासावर मानधन घ्यायचं, उरलेला दिवस शिकायचं. विद्यार्थी जीवनावर लिहिताना गॅदरिंग, करंडक स्पर्धा आणि कट्ट्यावरच्या चहाबद्दल भरभरून लिहिलं जातं. पण महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी जी खरोखर आपली म्हणावी अशी गोष्ट जपली, ती ही योजना आहे, असं मला वाटतं.

तिचं मूळ पुण्यात नाही, साताऱ्याकडे आहे. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरताना भाऊरावांनी शेतकऱ्याचं घर आतून पाहिलं. कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं तिथं एकाच चुलीवर स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला बसत. त्या काळात घराघरांत पाण्याच्या मडक्यालाही जात होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या पंगतीचं धाडस कळतं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पैसा नव्हताच. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्या वसतिगृहातल्या मुलांची आईच होत्या. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचं रोपटं त्यांच्या सोन्यावर उभं राहिलं, हे रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितलं जातं आणि सांगितलंच पाहिजे.

पण भाऊरावांनी, म्हणजे अण्णांनी, मुलांना दानावर वाढवलं नाही. शेत पिकवायचं, दगड फोडायचा, भिंत रचायची, दळायचं, रांधायचं आणि शिकायचं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचं घोषवाक्य त्या रोजच्या कामातून आलेलं आहे. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि ही रीत शाळेच्या बाकावरून महाविद्यालयाच्या वर्गात गेली. याच संस्थेत शिकून मोठे झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. सागरमाळावरच्या त्या उजाड जागेवर १९६२ मध्ये विद्यापीठ उभं करताना त्यांच्याही डोळ्यांसमोर सातारा-सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याचं पोर होतं. कमवा व शिका योजनेतली मुलं तिथं ज्या विद्यार्थी भवनात राहतात, त्याला आप्पासाहेबांचं नाव आहे.

ही योजना आजही का लागते, ते एका साध्या हिशेबात आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेल्या मुलाची शिक्षणाची फी बऱ्याचदा सवलतीत बसते. शिष्यवृत्तीही असते, पण ती खात्यावर यायला वर्ष उलटतं. मेसचे पैसे मात्र महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असतात. झेरॉक्स, परीक्षेचे अर्ज, एसटीचं तिकीट, मोबाइलचा रिचार्ज यांना सवलत नाही. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, तर मित्राच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राहायचं, दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकायची, रेक्टरची फेरी आली की बाहेर पडायचं. गावाकडे सोयाबीनला भाव मिळाला नाही, की घरून येणारे पैसे आधी थांबतात आणि मग वडिलांचा फोनही कमी होतो. अशा वेळी महिन्याकाठी स्वतःच्या कामाचे हाती येणारे चार पैसे मुलाला शहरात टिकवून धरतात.

ग्रंथालयातलं काम जवळून पाहण्यासारखं असतं. परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर चढवायची, कण्यावरची चिठ्ठी वाचायची आणि पुस्तकांच्या घोड्यांमधून ट्रॉली ढकलत न्यायची. ड्युई पद्धतीत ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ३३८.१ म्हणजे शेतीचं अर्थकारण, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. ३३८.१ चं पुस्तक चुकून ३३१ मध्ये गेलं, तर ते फडताळात असूनही हरवलेलं असतं. मागणारा चिठ्ठी घेऊन येतो, यादीत पुस्तक दिसतं आणि जागेवर नसतं. म्हणून मुलं हळूहळू आकडे डोळ्यांनी टिपायला शिकतात. पहिल्या महिन्यात ट्रॉली रिकामी व्हायला दुपार लागते. पुढे तासाभरात होते. आणि उरलेल्या वेळात, ओल्या फडक्यानं धूळ पुसता पुसता, एखादं पुस्तक उघडलं जातं. अभ्यासक्रमात नसलेलं वाचन अनेकांच्या आयुष्यात असं शिरतं. इतिहासाचा विद्यार्थी कापसाच्या बाजाराबद्दल वाचतो, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी दलित आत्मकथनांच्या कप्प्यापाशी रेंगाळते. कुठल्याही प्राध्यापकाला असं वाचन नेमून देता येत नाही.

मुलींच्या बाबतीत या मानधनाला आणखी एक अर्थ आहे. पदवी झाली, आता पुरे, स्थळं बघू, असं घरात ठरत असताना ‘माझा खर्च मी भागवते’ हे वाक्य फार कामाला येतं. पदव्युत्तर वर्गात बसलेल्या कित्येक मुलींची दोन वर्षं या एका वाक्यानं मिळवलेली आहेत.

आता जे खटकतं तेही सांगतो. काही ठिकाणी मानधन महिनोन् महिने रखडतं. मेसचे पैसे नाहीत म्हणून जो काम करतो, त्यालाच पैशासाठी थांबवणं हा उघड अन्याय आहे. दुसरं, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत आणि त्यांचा भार या मुलांच्या खांद्यावर येतो. झाडू मारण्यात कमीपणा मुळीच नाही. अण्णांच्या मुलांनी यापेक्षा कष्टाची कामं केली. पण ती आपल्या शाळेची भिंत रचत होती, कुणाच्या रिकाम्या खुर्चीची भरपाई करत नव्हती. कामाची निवड शिक्षणाशी जोडलेली हवी. वनस्पतिशास्त्राच्या मुलाला उद्यानातल्या झाडांच्या नोंदी द्या, मराठीच्या मुलीला जुन्या नियतकालिकांची सूची करायला द्या, संगणकवाल्याकडून विभागाची कागदपत्रं नीट लावून घ्या. काही प्राध्यापक असं आपणहून करतात आणि त्यांच्याकडची मुलं दोन वर्षांत किती वेगळी होतात, ते मी पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट वागणुकीची. कार्यालयात कुणी या मुलाला ‘ए कमवा-शिका’ अशी हाक मारतो, तेव्हा त्याचा चेहरा उतरतो. त्याला नाव आहे. नावानं हाक मारायला पैसे पडत नाहीत.

भाऊरावांना पुणे विद्यापीठानं १९५९ मध्ये डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. ज्या विद्यापीठांत त्यांच्या नावानं ही योजना चालते, त्यांनी एवढं करावं: मानधन दर महिन्याला ठरल्या तारखेला द्यावं आणि त्याचा दर महागाईबरोबर वाढवावा. जुन्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः याच योजनेवर शिकून आज वर्ग एकचे अधिकारी किंवा प्राध्यापक झालेल्यांनी, आपल्या विभागाला त्यासाठी निधी द्यावा.

आणि तुमच्या गावातलं कुणी पोर यंदा विद्यापीठात निघालं असेल, तर त्याला एवढं सांगा: प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यातच विद्यार्थी विकास मंडळाच्या कार्यालयात जाऊन ‘कमवा व शिका’च्या अर्जाची चौकशी कर. जागा मर्यादित असतात आणि मुदत लवकर संपते.