माठाचे पाणी आणि गारव्याची आवड

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या वारणा खोऱ्यातील गावांत पिण्याचे पाणी किती गार असावे, यावर एकाच घरात दोन मते आढळू शकतात. कोणाची तहान फ्रिजमधल्या बाटलीशिवाय भागत नाही, तर कोणाच्या दातांत त्याच पाण्याने कळ जाते आणि त्याला माठच हवा असतो.

माठाच्या गारव्यामागील शास्त्र फार सुंदर आहे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगाला उडून जाते आणि त्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजे बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता, बरीचशी आतल्या पाण्यातून ओढून घेते. एका ग्रॅमामागे ही उष्णता सुमारे ५८० कॅलरी भरते, म्हणजे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार करण्याइतकी. मात्र या गारव्याला हवेतील ओलाव्याची मर्यादा असते: पारा ३८ अंश सेल्सिअसवर आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना माठातील पाणी फार तर २४ अंशांच्या आसपास उतरू शकते, आणि पावसाळ्यात तर ते जेमतेमच निवते. तैलरंगाने रंगवलेला माठ शोभिवंत दिसला, तरी छिद्रे बुजल्याने तो नीट गार करत नाही.

आता आवडीबद्दल: १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शरीरशास्त्रीय अभ्यासात घामाने पाणी गमावलेल्या व्यक्तींनी सुमारे १५ अंशांचे पाणी सर्वाधिक प्यायले. ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथाने तहान व दाह यांसाठी थंड, तर उचकी व खोकल्यासाठी ऊन पाणी सांगितले आहे.