संगणकाची साक्ष

कागदावरची खाडाखोड शाईवरून ओळखता येते. संगणकातील नोंद मात्र शून्य आणि एक यांची रांग. तिच्यातला बदल डोळ्यांना दिसेलच असे नाही. मग न्यायालयाने तिच्यावर विश्वास कसा ठेवावा?

आमच्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. २०१४ साली जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी आमदार झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आल्याची तक्रार पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी केली. निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण हा मोठा पुरावा होता. पण त्यासाठी लागणारे कलम ६५ब चे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही! उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला: नकलेला प्रमाणपत्र हवेच, मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तर अट शिथिल होते. शिवाय इतर पुरावाही होताच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्रावर ‘हॅश’ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीतील सर्व अंकांपासून गणिताने काढलेली संख्या. ‘एसएचए-२५६’ या रीतीत ती नेहमी २५६ द्विमान अंकांची असते. फाइलीतला एक अंक बदला, ही संख्या पार बदलते. जुळली, तर नक्कल तंतोतंत. मात्र हॅश काढण्यापूर्वीच कोणी फेरफार केला असेल, तर ही संख्या त्याविषयी काहीच सांगत नाही.