घड्याळ किती चुकले?



जुलै महिना होता. कणकवलीत दोन दिवस पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. गड नदी दुथडी भरून वाहत होती. लाईट गेली होती ती गेलीच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली आणि तासाभरातच शेजारचा नववीतला मुलगा धापा टाकीत आमच्या दारात उभा राहिला.

"काकानू, नेट बंद पडला वाटता. अर्जाची आज शेवटची तारीख आसा!"

अर्ज होता शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा आणि मुदत होती संध्याकाळी पाचपर्यंत. फोटो, दाखले, सारे काही त्याच्या घरच्या संगणकात होते. मी जाऊन पाहिले. अर्जाचे पान उघडायला जावे तर पडद्यावर इशारा येई : 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही.' त्याच्या आईच्या मोबाइलवर मात्र तेच पान बिनबोभाट उघडत होते. म्हणजे नेट चालू होते, संकेतस्थळही चालू होते. मग बिघाड कोठे?

माझे लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. तेथे तारीख होती १ जानेवारी २०१५ आणि वेळ होती रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटे!

"संगणक सुरू करून किती वेळ झाला रे?" मी विचारले.

"चाळीसेक मिनिटे झाली असतील."

बिघाड सापडला. तो नेटचा नव्हता, घड्याळाचा होता.

एका संगणकात दोन घड्याळे

संगणक बंद असला, त्याची वायर काढून ठेवलेली असली, तरी दुसऱ्या दिवशी तो बरोबर तारीख दाखवितो. हे कसे काय बुवा? आत एक छोटेसे घड्याळ सतत चालू असते म्हणून. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या पहिल्या 'पी.सी.'मध्ये असे घड्याळ नव्हते. तो सुरू केला की आजची तारीख कोणती, वाजले किती, हे माणसालाच विचारी. १९८४ च्या 'पी.सी.-ए.टी.' या संगणकात सेलवर चालणारे घड्याळ बसविण्यात आले आणि ही कटकट मिटली.

हा सेल रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो. बहुतेक घरगुती संगणकांत तो 'सी.आर. २०३२' या जातीचा असतो. नावातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा दाब ३ व्होल्ट असतो. घड्याळाचा लंबक म्हणजे क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच आकडा का? २ ला २ ने गुणत गेलात तर पंधराव्या घाताला बरोबर ३२,७६८ येतात. म्हणून ही कंपने पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती येतो.

दुसरे घड्याळ संगणक चालू असतानाच चालते. सुरू होताना तो सेलवरच्या घड्याळाकडून वेळ विचारून घेतो आणि पुढे आपली मोजणी स्वतः करतो. सेल संपलेला असला आणि वीजही गेली, तर पहिले घड्याळ आपली आठवण गमावून बसते. वीज आली की ते कारखान्याने ठरविलेल्या जुन्या तारखेपासून, बहुधा १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून, पुन्हा मोजू लागते. आमच्या शेजाऱ्याचे १२ वाजून ४० मिनिटे झाली होती, त्याचे कारण हेच!

पण तारीख चुकली म्हणून संकेतस्थळ असुरक्षित कसे ठरले? एस.टी.चा पास आठवा. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. सुरक्षित संकेतस्थळाजवळही असेच मुदतीचे प्रमाणपत्र असते आणि आपला संगणक कंडक्टरप्रमाणे ते तपासतो. ज्या कंडक्टरच्या कॅलेंडरात अजून २०१५ सालच चालू आहे, तो आजचा पास पाहून काय म्हणेल? "हा पास अजून सुरूच झालेला नाही, उतरा खाली!"

चुकीच्या आकारावरून निदान

डॉक्टर तापाचा आकडा पाहून रोगाचा अंदाज बांधतात. घड्याळाचेही तसेच आहे. 'घड्याळ चुकले' एवढे म्हणून भागत नाही. किती चुकले, ते आधी मोजावे.

चूक काही वर्षांची असेल आणि दर वेळी वीज गेल्यावर ती होत असेल, तर सेल संपला असे समजा.

चूक अगदी नेमकी असेल, म्हणजे मिनिटे आणि सेकंद जवळजवळ बरोबर पण तास किंवा अर्धा तास इकडेतिकडे, तर घड्याळ मुळीच बिघडलेले नाही. बिघाड आहे तो सांगण्यात. नेमका अर्धा तास मागे असेल, तर कोणीतरी कराचीचा कालविभाग निवडला आहे. पंधरा मिनिटे पुढे असेल, तर काठमांडूचा. बारा तासांचा फरक असेल, तर हाताने वेळ लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली आहे.

आणि चूक काही सेकंदांची वा मिनिटांची असून दिवसेंदिवस थोडीथोडी वाढत असेल, तर स्फटिकाची चाल किंचित मंद किंवा जलद आहे आणि खरी वेळ विचारून घेण्याचे काम कोठेतरी थांबले आहे.

यातील एक आकडा मोठा गमतीचा आहे : नेमके साडेपाच तास. ज्या संगणकावर विंडोज् आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असतात, तेथे हा प्रकार हमखास होतो. सेलवरच्या घड्याळात विंडोज् भारतीय वेळ लिहून ठेवते, तर लिनक्स सर्वसाधारणपणे जागतिक वेळ लिहिते. सकाळी १० वाजता लिनक्सने तेथे ४.३० लिहिले आणि नंतर विंडोज् सुरू केली, की ती बिचारी त्यालाच भारतीय वेळ समजून पहाटेचे साडेचार दाखविते. दोघांपैकी कोणीच चुकलेला नाही. दोघांनी एकच वही दोन भाषांत लिहिली, एवढेच! लिनक्सला भारतीय वेळ लिहावयास सांगितले की भांडण मिटते.

हे साडेपाच तास आले कोठून?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे १ अंश फिरावयास तिला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरविली आहे. ८२.५ ला ४ ने गुणले की ३३० मिनिटे होतात, म्हणजेच साडेपाच तास. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली.

आता आपल्या कणकवलीकडे या. हे गाव सुमारे ७३.७ अंशांवर आहे. फरक ८.८ अंशांचा, म्हणजे सुमारे ३५ मिनिटांचा. सूर्याच्या हिशेबाने कणकवलीचे घड्याळ प्रमाणवेळेच्या ३५ मिनिटे मागे हवे! मुंबई आणखी पश्चिमेस असल्यामुळे तेथे हा फरक ३९ मिनिटांचा आहे आणि १९०६ नंतरही कित्येक वर्षे मुंबईत 'मुंबई टाइम' पाळला जात असे. गावोगावच्या वेळा वेगळ्या ठेवल्या तर आगगाडीचे वेळापत्रक छापणेच अशक्य होईल. म्हणून देशाने एक वेळ मानली. संगणक तर साऱ्या जगाशी बोलतात. त्यांनी जागतिक वेळ मानली. आपला संगणक चालू असताना आतून जागतिक वेळच मोजतो आणि पडद्यावर दाखविताना तीत साडेपाच तास मिळवितो. म्हणूनच कालविभाग चुकला की घड्याळ बरोबर असूनही वेळ चुकते.

सायकलवरून आणलेली वेळ

खरी वेळ विचारून घेणे काही नवे नाही. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये उभारली गेली, ती खगोलवेधांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठी. आज भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने करते. सिझियमच्या अणूशी निगडित अशा ९,१९,२६,३१,७७० कंपनांना जितका वेळ लागतो, तो एक सेकंद, अशी आज सेकंदाची व्याख्या आहे.

पण दूरच्या घड्याळाला वेळ विचारण्यात एक अडचण असते. उत्तर येईपर्यंत वेळ पुढे सरकलेली असते! यावर अमेरिकेतील डेव्हिड मिल्स या शास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास एक नामी पद्धत तयार केली. तिला 'एन.टी.पी.' म्हणतात. ती आपण एका गोष्टीतून समजून घेऊ या.

समजा, तुमच्या घरातील घड्याळ चुकीचे आहे आणि कणकवली स्टेशनातील घड्याळ अचूक आहे. घरच्या घड्याळात १०.०० वाजता तुमचा भाऊ सायकलवरून स्टेशनला निघाला. पोहोचला तेव्हा तेथे १०.३५ झाले होते. तेथून तो १०.४५ ला निघाला. घरी आला तेव्हा घरच्या घड्याळात १०.४० झाले होते. सांगा पाहू, घरचे घड्याळ किती चुकले?

भाऊ एकंदर ४० मिनिटे घराबाहेर होता. त्यातील १० मिनिटे स्टेशनात गेली. उरली ३० मिनिटे, ती जाण्यायेण्याची. त्यांपैकी निम्मी, म्हणजे १५, येण्याची. तो १०.४५ ला निघाला, म्हणजे घरी पोहोचताना खरी वेळ ११.०० होती. घरचे घड्याळ १०.४० दाखवीत होते. म्हणजे ते २० मिनिटे मागे आहे!

वाट किती लांब आहे हे ठाऊक नसतानाही उत्तर मिळाले. मात्र यात एक गृहीत आहे, ते तुमच्या लक्षात आले का? जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला, असे आपण मानले. जाताना उतार आणि येताना चढ असेल, जाण्यास १० व येण्यास २० मिनिटे लागली असतील, तर आपल्या उत्तरात ५ मिनिटांची चूक राहील. संगणकाचा निरोप सेकंदाच्या काही भागातच परत येतो, म्हणून त्याची चूकही तितकीच लहान असते.

वेळ विचारूनही मिळत नाही तेव्हा

कधी ही विचारपूस थांबते. वेळेच्या मांडणीत 'वेळ आपोआप लावा' हे बटन कोणीतरी बंद केलेले असते. कधी शाळेच्या जाळ्यावरील पहारेकरी प्रणाली एन.टी.पी.चे १२३ क्रमांकाचे दारच बंद ठेवते. अशा वेळी शाळेतील संगणक-शिक्षकांना विचारावे.

तिसरे कारण मोठे मजेशीर आहे. घरगुती संगणकावरील विंडोज् सर्वसाधारणपणे पंधरा तासांहून मोठी चूक आपोआप सुधारीत नाही. इतका मोठा फरक दिसला की उत्तर देणाराच खोटे बोलत असावा, असे ती समजते! शेजाऱ्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे होते. म्हणून नेट चालू असूनही ते आपोआप सुधारले नाही.

आम्ही काय केले? तारीख आणि वेळ मोबाइलवर पाहून हाताने लावली. मग 'आता वेळ जुळवा' हे बटन दाबले. उरलेली काही सेकंदांची चूक संगणकाने स्वतःच दुरुस्त केली. अर्जाचे पान उघडले. चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला आणि पोराच्या चेहऱ्यावर हसू आले. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा सेल आणून बसविला.

हे काम तुम्ही करणार असाल तर मोठ्या माणसाला जवळ बसवा आणि संगणकाची वायर भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडू नका. जुना सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते व जिवावर बेतू शकते.

करून पाहा

१. संगणकाची वेळ अचूक लावा, मग आपोआप वेळ लावण्याचे बटन बंद करा. रोज रात्री ठरावीक वेळी मोबाइलच्या वेळेशी ताडून चूक किती सेकंदांची आहे ते वहीत लिहा. दहा दिवसांनी आलेख काढा. दहा दिवसांत १४ सेकंद चूक झाली, तर रोजची चूक १.४ सेकंद. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती दशलक्षात सुमारे १६ भाग एवढीच भरते. प्रयोग संपल्यावर बटन पुन्हा चालू करण्यास विसरू नका.

२. अंगणात एक काठी अगदी उभी रोवा. तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते, ते पाहा. कणकवलीत हा क्षण १२ वाजता येत नाही. तो वर्षभरात सरासरीने १२.३५ ला येतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो १२.४९ च्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.१९ च्या सुमारास येतो. तुमच्या गावी किती फरक पडतो?

आणि पुढच्या वेळी घरातला संगणक रुसून बसला, तर वायरी उपटण्यापूर्वी कोपऱ्यातील घड्याळ पाहा. ते चुकले असेल तर त्याला शिव्या देऊ नका. आधी विचारा : बाबा रे, तू नेमका किती चुकलास?