अपघातानंतर रोखलेली वाट : मूत्रमार्ग आणि लेसर

गळीत हंगाम सुरू झाला की निरगुडसरच्या परिसरातून पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावू लागतात. दुकान वाढवून मंचरहून दुचाकीवर घरी परतणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ते दिवस जोखमीचेच. अशा धडकेत कमरेखालच्या कटिराचे हाड मोडले, तर पुरुषाचा मूत्रमार्गही तुटू शकतो. गोदामातील शिडीवरून दांडीवर दोन्ही बाजूंना पाय पडून बसलेला मारही तितकाच घातक. फक्त त्याची खूण कधी कधी काही वर्षांनी दिसते. लघवीची धार बारीक होते, जोर करावा लागतो. संकोचापायी हे दुखणे घरात कोणी बोलत नाही, आणि तुंबलेल्या लघवीचा ताण मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.

अपघातानंतर मूत्रद्वाराशी रक्त दिसले, तर तेथून जबरदस्तीने नळी घालू नये. रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, आणि मार्ग तुटला असेल तर बहुधा ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवून साधारण तीन महिने थांबतात. हा काळ घरच्यांना फार जड जातो. नेमक्या त्याच वेळी कोणीतरी सांगते, ‘लेसरने एका दिवसात मोकळे होते.’

ते सर्वस्वी खोटे नाही. अरुंद भाग आखूड असेल, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, आणि उपचार पहिल्यांदाच होत असेल, तर दुर्बिणीतून होल्मियम लेसरने तो छेदता येतो. टाका नाही, मुक्कामही थोडा. परंतु पाते असो वा लेसर, कापलेला व्रण पुन्हा व्रणानेच भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी यशाची आशा झपाट्याने घटते. कटिर मोडून मार्गाची दोन टोके दुरावली असतील, तर मध्ये उरतो तो केवळ घट्ट व्रण. तेथे लेसर चुकीची वाट पाडू शकतो.

अशा रुग्णासाठी उघडी शस्त्रक्रियाच श्रेयस्कर: व्रण काढून निरोगी टोके जोडायची. अनुभवी हातांत दहापैकी आठ-नऊ रुग्णांना तिचा टिकाऊ लाभ होतो. अरुंद भाग लांब असल्यास गालाच्या आतले अस्तर घेऊन मार्ग रुंदावतात. या कामात पुण्याचे नाव जगभर आहे, डॉ. संजय कुलकर्णी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली, एकाच बाजूने मार्ग मोकळा करण्याची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गुटखा, मावा, तंबाखू यांनी गालाचे अस्तर कडक झालेले असेल, तर मात्र तो तुकडा कामाचा उरत नाही. पेढीवर पुडी सोडणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

विवाहयोग्य तरुणाच्या घरी आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. लैंगिक शक्तीला बाधा पोहोचते, ती पुष्कळदा मूळ अपघातातच. म्हणून त्याची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवडे नळी राहते. ती निघाल्यावर लघवीच्या धारेचा वेग यंत्रावर मोजतात, आणि हे मोजमाप धार उत्तम वाटत असतानाही काही वर्षे चालू ठेवावे लागते.